यादीत नसलेली माणसं

१

मन्सूरने डबा भरलेला तसाच परत आणला, तेव्हाच सुरय्याच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, ताप अंगात असतानाही या माणसाने कधी डबा टाकला नव्हता. आणि आज बुटांची नाडीही न सोडता दारातल्या स्टुलावर बसून राहिला होता.

खोदून खोदून विचारल्यावर तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. चाकणच्या ज्या कंपनीत तो मशीन दुरुस्तीच्या खात्यात होता, तिथे सकाळी गेटजवळच्या फलकावर बदल्यांची यादी लागली होती. आठ-दहा कायम कामगार, आणि सगळ्यांची बदली थेट तामिळनाडूतल्या कारखान्यात. हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. आता घरदार, पोरांच्या शाळा, म्हातारे आईबाप टाकून कोण जातंय तिकडे? कंपनीलाही तेच हवं होतं. हे लोक गेले काही महिने गुपचूप युनियन बांधत होते, आणि त्याची कुणकुण कंपनीतल्या साहेबलोकांना लागूच नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होते.

मन्सूर या खटपटीत पहिल्या दिवसापासून होता. पण त्याचं नाव यादीत नव्हतं.

बस्स, एवढं पुरलं. दुपारी त्याच्या लॉकरवर कुणीतरी जाड मार्करने ‘फितूर’ असं लिहून ठेवलं. परतीच्या बसमध्ये शेजारी कुणी बसेना. ज्योतीराम तर त्याचा सख्ख्या भावासारखा दोस्त, एका डब्यात जेवणारा. तोसुद्धा मागे जाऊन उभा राहिला, बसायला जागा असताना. शनिवारी धम्मपालच्या घरी बैठक होती. धम्मपाल या सगळ्यांचा म्होरक्या, आणि यादीत त्याचं नाव सगळ्यात वर. त्या बैठकीत मन्सूरला सगळ्यांसमोर जाब विचारायचा असं ठरलं होतं.

“मी राजीनामाच देतो,” मन्सूर म्हणाला.

सुरय्याचं डोकं फिरलं. राजीनामा दिला की झालं, फितुरीवर स्वतःच्या हाताने शिक्का. तिने त्याला स्पष्ट सांगितलं की शनिवारपर्यंत गप बसायचं, कामावर जायचं, मान वर करून जायचं. नावं कुणी दिली ते मी शोधते. माझ्या नवऱ्याला फितूर म्हणणाऱ्याला मी त्याच बैठकीत उत्तर देईन.

खोलीत तिचा धाकटा भाऊ एहसान बसला होता. आई गेल्यावर सुरय्यानेच त्याला वाढवला, शिकवला, आणि नंतर आपल्या ऑफिसात घेतला. जेवण रोज इथेच. महिन्यापूर्वी हीनाची, म्हणजे सुरय्याच्या लेकीची, मंगनी झाली होती. तिचे फोटो आले होते तेच तो भाचीबरोबर बघत होता. आधी पहिला फोटो, मग एकदम शेवटचा, मग मधला, आणि मग उरलेले. हीना त्याला चिडवत होती, मामू, लॉट पास का रिजेक्ट? बिचारा चाकणला बरीच वर्षं तपासणी खात्यात होता. तिथे कुठलाही लॉट आला की पहिला नग, शेवटचा नग, मधला नग असं बघायचं. ती खोड अंगात इतकी भिनली होती, की हॉटेलचं मेनूकार्डही हा पठ्ठ्या तसंच वाचायचा. मन्सूरची हकिकत ऐकल्यावर मात्र त्याने फोटो बाजूला ठेवले. दुल्हाभाई, मनाला लावून घेऊ नका, चार दिवसांत निवळेल, अशी त्याने समजूत घातली.

सुरय्याने मन्सूरकडून यादीतलं एकेक नाव वदवून घेतलं. एका नावाशी तिने त्याला थांबवलं.

“ज्ञानदेवआप्पा? दिघीचे? त्यांचा युनियनशी काय संबंध?”

“काहीच नाही,” मन्सूर म्हणाला. “तेच तर कुणाला कळत नाहीये.”

२

सुरय्याचा धंदा काय, ते आधी सांगायला हवं. कासारवाडीत स्टेशनजवळ बॅटरीच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. कपड्यांची दुकानं, मिठाईवाले, सुट्या भागांचे व्यापारी अशांच्या वेबसाइट ती सांभाळायची. गिऱ्हाईक साइटवर कुठून आलं, काय दाबलं, कुठे रेंगाळलं आणि कुठल्या पानावर कंटाळून निघून गेलं, याची नोंद आपोआप होत असते. ती वाचून मालकाला सांगायचं, की तुमची किंमत लोकांना नाही खटकत, तुमचा फॉर्म खटकतोय. माणसाच्या बोटांवरून त्याच्या मनातलं ओळखायची तिला सवय होती. घरच्यांना याचा अधूनमधून वैताग यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटर काढून ती दिघीला गेली. ज्ञानदेवआप्पा मूळचे तिथलेच, लष्कराच्या भिंतीला लागून जुनं घर. पुढच्या वर्षी रिटायर व्हायचे. गिरजाबाईंनी चहा टाकला आणि आत जाऊन डोळे पुसले, ते सुरय्याला दिसलं.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. “मला काय बी ठावं न्हाई, सुरय्याबाई. ह्या वयात मी कशाला युनियनमदी पडू? मी कदी एका मीटिंगला गेलो न्हाई. आन् आता हिला बीपीचा तरास आसताना सोडून मी तिकडं मद्रासकडं जाऊ व्हय?”

बोलता बोलता त्यांनी हीनाची चौकशी केली. साखरपुड्याला येता आलं नाही, राग धरू नका म्हणाले. मन्सूर घरी कार्ड द्यायला आला नाही याचं आधी जरा वाईट वाटलं होतं. पण मोबाइलवर का होईना, आमंत्रणात ‘ज्ञानदेव आप्पा व गिरजाबाई’ असं नावानिशी लिहिलं होतं. गिरजाबाईंनी ते आळीतल्या चार जणींना दाखवलं. सुरय्या कसनुशी हसली. दिघीला जायचं राहूनच गेलं होतं, ते खरंच होतं.

मग तिने मोबाइलचं विचारलं, आणि इथे तिला पहिला धागा मिळाला.

कारखान्यात मोबाइल न्यायला बंदी. गेटवर जमा करा, पावती घ्या, सुटल्यावर रांगेत उभे राहा. ही कटकट नको म्हणून बसमधले बरेचसे लोक मोबाइल घरीच ठेवून येत. आप्पा मात्र आणत, कारण शिफ्ट सुटल्याबरोबर गिरजाबाईंना फोन लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. साहजिकच परतीच्या बसमध्ये आप्पांचा फोन म्हणजे सगळ्यांचा फोन. कुणी मॅचचा स्कोअर बघायचा, कुणी पगार जमा झाला का ते बघायचा.

“आन् ती तुमची कामगारांची साइट,” आप्पा म्हणाले. “त्ये पान उघडून पोरं वाचायची, कायतरी खुसपुस करायची. म्या आपला डुलकी काढायचो.”

ती साइट म्हणजे ‘पाळीकट्टा’. बसच्या वेळा, ओव्हरटाइमचे नियम, रजांचा हिशोब, आणि एका कोपऱ्यात ‘युनियन कशी नोंदवायची’ हे पान आणि त्याचा फॉर्म. मन्सूरच्या दोस्तांसाठी सुरय्याच्याच ऑफिसने ती फुकटात करून दिली होती.

परतताना भोसरीच्या सिग्नलला तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून बोंब मारेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. बैठकीत बसणाऱ्या माणसाने चुगली केली असती, तर त्याने डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव कशाला दिलं असतं? मन्सूर फितूर असता तर त्याला पक्कं ठाऊक होतं की आप्पांचा यात हात नाही. ज्याने ही नावं दिली त्याला माणसं दिसतच नव्हती. कोणत्या फोनवरून युनियनचं पान उघडलं गेलं, एवढंच त्याला दिसत होतं.

नवरा निर्दोष आहे म्हणून तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. कारण साइटवरच्या बोटांची नोंद दुसरीकडे कुठेच नव्हती. ती होती तिच्या स्वतःच्या ऑफिसात.

३

ऑफिसात माणसं तीनच. सुरय्या, एहसान आणि मिनल.

मिनल तिची भागीदार. पिंपळे गुरवची मुलगी, घरात पहिली शिकलेली. दोघींनी एका टेबलावर, एका पंख्याखाली धंदा सुरू केला होता. साइट बांधायचं काम मिनलचं, वाचायचं काम सुरय्याचं, आणि गिऱ्हाइकं सांभाळायचं, त्यांच्या साइटवर किरकोळ बदल करायचं एहसानचं. त्या दिवशी एहसान वसुलीला बाहेर गेला होता. सुरय्याने मिनलला समोर बसवून सगळं सांगितलं.

मिनलने मान हलवली. नोंद होते हे खरं, पण त्यात नाव कुठून येणार? पाळीकट्ट्यावर आपण कुणाला नाव विचारतच नाही, भीतीपोटी मुद्दाम विचारत नाही. फोन पहिल्यांदा आला की त्याला एक आकडा चिकटतो, पुन्हा आला की त्याच आकड्याने ओळखला जातो. अमुक आकड्याने युनियनचं पान उघडलं, इतकंच कळेल. तो आकडा म्हणजे ज्ञानदेवआप्पा हे कसं कळणार?

“माणूस स्वतःच्या नावाच्या दाराने आत आला, तरच,” सुरय्या म्हणाली.

“असं दार बांधायला साइटची आतली बाजू माहीत असलेलं माणूस लागतं,” मिनल बोलून गेली, आणि मग सुरय्याची नजर बघून तिचा चेहरा पडला. “तुला मी वाटते?”

सुरय्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही. तशी तिची चूक नव्हती; साइटची आतली बाजू मिनलइतकी कुणालाच माहीत नव्हती. पण काही शब्द वेळेवर यावे लागतात, आणि हा आला नाही.

“माझे वडील संपात नोकरी घालवून घरी बसले होते,” मिनल म्हणाली. “मी कॉलेजात असताना आमच्या घरी चूल कशी पेटत होती ते तुला माहीत आहे. आणि मी युनियनवाल्यांची नावं देईन?” तिने पर्स उचलली आणि जिना उतरून निघून गेली. सुरय्याला स्वतःचाच राग आला, पण ती मागे गेली नाही.

संध्याकाळी ती ज्योतीरामकडे गेली. तो दारात उभा राहिला, आत या म्हणाला नाही. एरवी ‘वहिनी, चहा टाकू का’ म्हणणारा माणूस. सुरय्याने आप्पांच्या फोनचं सांगितलं, तर त्याने ते कानाआड केलं. बसमध्ये आप्पांचा फोन वापरायचो हे कबूल केलं, पण त्याच्या मनात दुसरंच सलत होतं.

“वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण वाचलं कोण ते बघा ना. मन्सूर वाचला. मी वाचलो. मेंटेनन्सचे आमचे दोघे वाचले. म्हणजे मन्सूरची ज्यांच्या घरी ऊठबस आहे तेवढेच. बाकीचे सगळे गेले. आपली माणसं सांभाळून बाकीच्यांची नावं दिली, असं लोक म्हणतात. मी काय सांगू त्यांना?”

खरं सांगायचं तर सुरय्यालाही पहिल्यांदाच शंका आली. फोनने आप्पांचं कोडं सुटत होतं. पण मन्सूरचे नेमके जिवलग तेवढे कसे वाचले? ज्योतीराम तर घरी स्वतःच्या फोनवरून ते पान रोज उघडायचा, मन्सूरही उघडायचा. त्यांचे फोन का नाही दिसले? फोन काय दोस्ती ओळखतात?

ती वळणार इतक्यात आतल्या फ्रिजवर तिची नजर गेली. चुंबकाखाली हीनाच्या मंगनीचं कार्ड लावलेलं होतं. सोनेरी काठाचं, जाड कागदाचं. मन्सूर स्वतः पेढे घेऊन येऊन देऊन गेला होता.

“हे कार्ड मेंटेनन्सच्या त्या दोघांनाही हातातच दिलं होतं ना?” तिने विचारलं.

“हो. आम्हा तिघांनाच. बाकी बसमधल्यांना मोबाइलवर पाठवलं,” ज्योतीराम म्हणाला. “का?”

सुरय्या तोवर अर्धा जिना उतरली होती.

४

आपल्याकडे आमंत्रणाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. जवळच्याच्या घरी जातीने जायचं, तोंड गोड करायचं, कार्ड हातात द्यायचं. नाहीतर माणूस वर्षभर टोमणे मारतो. बाकीच्यांना मोबाइलवर पाठवलं तरी चालतं. आणि यजमान स्वतः? तो स्वतःला आमंत्रण कशाला पाठवेल?

मोबाइलवरचं आमंत्रण सुरय्याला आठवत होतं. लिंक दाबली की गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या आणि ज्याला पाठवलं त्याचं नाव यायचं. जागा फुकट आहेच म्हणून ते पान पाळीकट्ट्याच्याच आवारात ठेवलं होतं. गिरजाबाई ज्या नावाचं कौतुक आळीभर सांगत होत्या, तेच हे नावाचं दार. आप्पांनी आमंत्रण उघडलं आणि त्यांच्या फोनला ‘ज्ञानदेव आप्पा’ अशी खूण चिकटली. मग त्याच फोनवर बसमधल्या पोरांनी युनियनचं पान उघडलं. ज्यांना कार्ड हातात मिळालं त्यांच्या फोनला खूण चिकटलीच नाही. मन्सूरने आपल्या जिवलगांना वाचवलं नव्हतं, त्यांना मान दिला होता. आणि त्या मानामुळेच तो फितूर ठरला होता.

पण हा आनंद करायचा की छाती पिटायची? तिच्या लेकीच्या मंगनीच्या आमंत्रणाचा कुणीतरी सापळा केला होता. ते आमंत्रण मिनलने बनवलं होतं, आणि मन्सूरच्या फोनवरून ते पाठवायला बसला होता एहसान.

तिने मिनलला फोन केला आणि आधी माफी मागितली. मिनल दुसऱ्या दिवशी आली, पण आपल्या खुर्चीवर बसली नाही, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. तिने आमंत्रणाचं पान उघडून दाखवलं. तिने बांधलं होतं त्यात नाव फक्त दिसायचं, नोंदीशी त्याचा काही संबंध नव्हता. खाली एक ओळ नंतर कुणीतरी घातलेली होती. नाव उचलून थेट नोंदीत टाकणारी ओळ.

“नाव दाखवायची कल्पना कुणाची?” सुरय्याने विचारलं.

“एहसानची. म्हणाला, पाकिटावर नाव असतं, मग मोबाइलवर का नको. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.”

सुरय्यालाही त्यात काही वावगं वाटून घ्यायचं नव्हतं. कल्पना सुचणं हा गुन्हा नाही. ओळ मिनलनेही घातलेली असू शकते. दोघांपैकी एक, आणि दोघंही तिची.

नोंद कुणी, कधी उघडली याचा दप्तरखाना बघितला तर कळलं, की पाळीकट्ट्याची नोंद मंगनीनंतर एकदाच उघडली गेली होती, आणि तीही सुरय्याच्या नावाने. यात नवल नव्हतं. सकाळी आल्यावर ती आपल्या नावाने कॉम्प्युटर चालू करायची आणि दिवसभर तिघंही तोच वापरायचे. नावावरून काही कळणार नव्हतं.

पण एक गोष्ट दोघांपैकी एकाच्याही ध्यानात नव्हती, मिनलच्याही नाही. नवीन गिऱ्हाइकांना नोंदी बघताना कुठे अडखळायला होतं, हे कळावं म्हणून सुरय्याने नोंदीच्या पानांवरच मागे एकदा मोजणी लावून ठेवली होती. म्हणजे बघणाऱ्याची बोटंही टिपली जात होती. ती मोजणी उघडायला तिचा हात धजावेना. मिनल शेजारी उभी होती, मानेवर तिचा श्वास लागत होता.

मिनलची पद्धत सुरय्याला पाठ होती. ती कधी पानं उलटत नाही. थेट शोधायच्या चौकटीत शब्द टाकते. या माणसाने चौकटीला हात लावला नव्हता. नावांची बरीच पानं होती. त्याने पहिलं पान उघडलं होतं. मग एकदम शेवटचं. मग मधलं. आणि मग उरलेली, एकामागून एक.

सुरय्याने स्क्रीन बंद केला. मिनलने आपली खुर्ची ओढली, सुरय्याच्या शेजारी आणली आणि तिथे बसून राहिली.

५

एहसान चहाचे कप घेऊन हसत हसत जिना चढला, आणि दोघींचे चेहरे बघून त्याने हसणं आवरलं. मिनल उठून बाहेर गेली.

सुरय्याने आरडाओरडा केला नाही. आप्पांचा फोन, हातात दिलेली कार्डं, ती घातलेली ओळ, आणि शेवटी पहिलं पान, शेवटचं पान, मधलं पान, असं सगळं तिने त्याच्यासमोर क्रमाने मांडलं. तो आधी नाही नाही म्हणाला. मग टेबलावरच्या कपांकडे बघत सांगू लागला.

कंपनीच्या ऑफिसातला एक साहेब त्याच्या तपासणी खात्यातल्या दिवसांपासून ओळखीचा होता. कंपनीच्या सगळ्या वेबसाइटचं काम तुझ्या नावावर देतो, स्वतःचं ऑफिस टाक, म्हणाला होता. बदल्यात फक्त कोण काय वाचतंय ते हवं होतं.

“तुझ्या ऑफिसात मी तुझा भाऊ आहे, आपा,” एहसान म्हणाला. “बाहेर मला कोण ओळखतं? मला एकदा तरी स्वतःचं काहीतरी हवं होतं.”

“मागायचं होतंस.”

“मागितलं की तू दिलंच असतंस. तेच नको होतं.” मग घाईघाईने म्हणाला, “दुल्हाभाईंचं नाव त्यात नाही, हे मी आधी बघून घेतलं होतं. त्यांच्या केसालाही धक्का लागू दिला नसता.”

हे ऐकून मात्र सुरय्याचा तोल गेला. मन्सूर वाचला ते का वाचला, हे या पोराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मन्सूर भरलेला डबा घेऊन दारात बसला तेव्हा हा समोर बसला होता. चार दिवसांत निवळेल म्हणाला, आणि मग हात धुऊन जेवायला बसला. त्याच घरात, तिच्या हातचं. परक्याने केलं असतं तर तिने शिव्या दिल्या असत्या, पोलिसात गेली असती. इथे ज्याच्या आजारपणात रात्री जागवल्या, त्यानेच केसाने गळा कापला होता.

“माझ्या हीनाच्या मंगनीचं आमंत्रण होतं ते, एहसान,” ती म्हणाली. “लोक आपलं नाव बघून खूश झाले होते.”

तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत. तिला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, आणि आपल्याला तसं वाटतंय याचाच तिला संताप आला. तिने हात मांडीवरच ठेवला. शनिवारी धम्मपालच्या घरी ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग, एवढंच ती म्हणाली. त्याने आईची शपथ घेतली, येईन म्हणून.

शनिवारी सकाळपासून त्याचा फोन बंद होता.

६

धम्मपालची बैठकीची खोली माणसांनी भरली होती. यादीतले सगळे होते. ज्ञानदेवआप्पा होते, मेंटेनन्सचे दोघं होते, दारापाशी ज्योतीराम होता. मन्सूर आत आला तशी कुजबुज थांबली. सुरय्याने बरोबर यायचं ठरवलं तेव्हा तो नको म्हणाला होता. घरातली घाण चव्हाट्यावर मांडून मला माझं नाव परत नको, म्हणाला. पण भावाला झाकायचं तर नवऱ्याला बुडवायचं, तिसरी वाटच नव्हती. तिने रात्रभर आतडं पिळवटून घेतलं होतं आणि सकाळी निर्णय घेतला होता.

ती उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. आप्पांचा फोन कसा सगळ्यांचा फोन होता. नावाचं आमंत्रण कसं आलं. हातात कार्ड मिळालेले कसे वाचले. शेवटचं वाक्यही तिने गिळलं नाही.

“नावं माझ्या भावाने दिली. माझ्या ऑफिसातून दिली. मन्सूरला यातलं काहीही माहीत नव्हतं.”

मग धम्मपालने नोंदीचे कागद मागून घेतले, ते नीट वाचले, आणि हे वकिलाकडे न्यायचे म्हणाला; युनियनचं पान उघडलं म्हणून बदली केली, याचा याहून मोठा पुरावा कुठला? आप्पा जागेवरून उठले आणि सुरय्यापाशी आले. “बाई, तू पाठचा भाऊ दिलास,” असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने कसेबसे आवरलेले डोळे तेव्हा भरून आले.

मग एकेक जण मन्सूरकडे येऊ लागला. कुणी हात धरला, कुणी माफी मागितली. लॉकरवर लिहिणाऱ्यानेही मान खाली घालून कबूल केलं. सगळ्यांत शेवटी ज्योतीराम आला आणि त्याने मन्सूरला कडकडून मिठी मारली. चुकलो भावा, म्हणाला, डोकं चालेना झालं होतं.

मन्सूरने मिठी मारू दिली. पण त्याचे हात वर आले नाहीत.

“ज्योतीराम, एक सांगशील?” तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. “यादीत माझं नाव नव्हतं. तुझंही नव्हतं. मी तुझ्यावर एकदाही संशय घेतला नाही. तुझ्यावर इथे कुणीच घेतला नाही. मग तुम्हा सगळ्यांना फितूर एकटा मीच का वाटलो?”

ज्योतीरामने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने धम्मपालकडे बघितलं, तर धम्मपाल कागदांकडे बघत होता. मेंटेनन्सचे दोघं एकमेकांकडे बघत होते. खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं, आणि ते मन्सूरच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

मन्सूरने दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरू लागला. सुरय्या त्याच्या मागोमाग गेली.

“वहिनी, त्याला थांबवा ना,” वरून ज्योतीराम म्हणाला.

तिने थांबवलं नाही.